तुझा डबा, माझी सूची

इनास, तुझा डबा मी उघडला. आता लगेच तुझं ते खुदुखुदू हसू सुरू करू नकोस, माझं डोकं ठिकाणावर नाही.

तुला तारोडीच्या मातीत ठेवलं त्याला आज नऊ दिवस झाले. त्या दिवशी चर्चच्या आवारातून लोक पांगले तेव्हा रेजिन वहिनी माझ्यापाशी आल्या. रडत नव्हत्या. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "दामूभाव, खरा सांगा. आजून काय करता आला असता काय?" मी म्हणालो, "नाही वहिनी. हातात होतं ते सगळं केलं." हे वाक्य आपण दोघांनी किती घरांत किती वेळा बोललोय, जीभ आपोआप वळते. तेव्हा मला ते खरंही वाटत होतं. मग चार दिवसांनी त्यांनी तुझा बिस्किटांचा डबा माझ्याकडे पाठवला. "दवाखान्यातला हाय, तुमालाच कलंल," असा निरोप. तो उघडला, आणि ते वाक्य खोटं झालं.

आज दुपारी टांगा करून मी तारोडीला जाणार आणि वहिनींना सांगणार. कालही जाणारच होतो. परवाही. काल एक बाळंतपण निघालं, परवा माझंच पोट दुखलं. सुमती म्हणाली, "तुमच्या पोटदुखीला मी ओळखते." म्हणून आधी तुला लिहायला बसलोय. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला आजवर कुठलीही गोष्ट ठरवता आलेली नाही. आता एकट्यानेच दोन्ही बाजू मांडायच्या म्हणजे काय कटकट आहे बघ.

अख्ख्या मेडिकल कॉलेजात या बाजूचे आपण दोघेच. तू तारोडीचा, मी मोरव्याचा. पहिल्या दिवशी मला विचारलंस, "मिठागरवाल्या पाटलांचा काय रे तू?" मी हो म्हणालो. "मग तुझा नाकावरचा राग खारट असंल," म्हणालास. तिथून जे सुरू झालं ते सतरा वर्षं चाललं. तू गावात दवाखाना टाकलास, मी भाईंदर स्टेशनाजवळ. मधे मिठागरं आणि तो हाडं खिळखिळी करणारा रस्ता. दर रविवारी तुझी चर्चमधली मिस्सा आटोपली की तू इकडे यायचास, नाहीतर मी तिकडे. सुमती भांडणाच्या आवाजावरून सांगायची, चहाला दूध किती लागेल ते.

आणि भांडण कशावरून? कोणी ऐकलं तर हसेल. पेशंट समोर बसलाय, काय झालंय कळत नाही, किंवा कळतंय पण औषध लागू पडत नाही. जगात कुठेतरी कुणीतरी असला पेशंट बघून त्यावर लिहिलं असणार. ते शोधायचं कसं? बस, एवढंच. एवढ्यावरून आपण सतरा वर्षं एकमेकांची डोकी खाल्ली.

माझा देव म्हणजे मुंबईच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली ती छापील सूची. विटेएवढे जाड खंड, दर तिमाहीला एक. साऱ्या जगातल्या वैद्यकीय मासिकांत जे छापून येतं त्याची नोंद रोगाच्या नावाखाली, शिवाय लिहिणाऱ्याच्या नावाखाली. मी पंधरवड्याला एकदा सकाळच्या गाडीने जायचो, वहीत प्रश्न लिहून न्यायचो आणि डोळे फुटेस्तोवर ती बारीक अक्षरं वाचायचो. मासिकाचं नाव, खंड, पान उतरवून घ्यायचं, मग कपाटात ते मासिक हुडकायचं. निम्मी मासिकं तिथे नसायचीच. लढाई सुरू झाल्यावर तर जी यायची तीही सहा-सहा महिने शिळी.

तुझा देव डब्यात. लग्नपत्रिका उरल्या की तू चर्चमधून गोळा करायचास, त्यांचे चौकोन कापायचास आणि कोऱ्या बाजूवर, जे काही वाचलंस त्यातलं कामाचं तेवढं चार ओळींत लिहायचास. मागे सोनेरी बॉर्डर, पुढे मूळव्याध. आणि ती कार्डं लावायची तऱ्हा! रोगाचं नाव नाहीच. पेशंट दारात येऊन जे बोलतो तेच मथळ्यावर. "पाय भाजतान." "दम लागतो." "पोरगा दूध पीत न्हाय." मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोट धरून हसलो. म्हटलं, "इनास, हे शास्त्र आहे की बाजारातला कालवा?"

तू शांतपणे म्हणालास, "दामू, माझ्याकडं येणारी बाई 'मला अमका रोग झालाय' असा सांगत न्हाय. तुझ्या पोथीत बघायचा तर रोगाचा नाव आधीच ठाऊक पायजे. आणि ता ठाऊक असंल तर पोथी कशाला?"

"आणि तुझ्या डब्यात तू स्वतः वाचलंयस तेवढंच सापडणार. विहिरीतल्या बेडकाची विद्या!"

"बेडूक तर बेडूक. पाणी तरी माझ्या तोंडाशी हाय."

शेवटी आपण पैज लावली. आठवतं? पाच प्रश्न तुझ्या पेशंटांचे, पाच माझ्या. दोघांनी आपापल्या रीतीने शोधायचं, पुढच्या रविवारी ताडून बघायचं. मी दोन दिवस ग्रंथालयात घालवले. मिठागरात काम करणाऱ्यांच्या पायाच्या जखमा का भरत नाहीत, या एका प्रश्नावर मी चार पानं भरून नोंदी आणल्या, आणि त्यांतली तीन मासिकं हाताला लागली. तुझ्याकडे त्यावर दोन कार्डं. एकावर तर फक्त तुझ्याच तीन पेशंटांचं लिहिलेलं. पण ती तू चहा गार व्हायच्या आत काढलीस. दोन प्रश्नांना तुझा डबा साफ मुका. एका प्रश्नाला माझी सूची इतकं बोलली की त्यातून काय घ्यायचं तेच कळेना. जिंकलं कोण? तू म्हणालास तू, मी म्हणालो मी. सुमती म्हणाली, "दहा पेशंटांतले बरे किती झाले ते कुणी मोजलं का?" आपण दोघांनी आपापले कप उचलले.

एका गोष्टीवर मात्र मी तुला कधीच सोडलं नाही. तुझ्या कार्डांवर पत्ता नसायचा. कुठलं मासिक, कोणी लिहिलं, काही नाही. मी दर वेळी बोंबलायचो, "अरे, पत्ता नसलेलं कार्ड म्हणजे बेवारस! उद्या कोणी विचारलं तर काय सांगशील, मला स्वप्न पडलं?" तू म्हणायचास, "लिवीन रे, लिवीन." कधी लिहिलं नाहीस. गेल्या दोन वर्षांत तर मी पत्ता नसलेलं कार्ड वाचायलाच नकार द्यायचो. तुझ्या हातात परत द्यायचो, नुसतं बघूनच. तुझा चेहरा पडायचा. मला ते कळायचं, आणि खरं सांगू? थोडं बरं वाटायचं.

कारण सुमतीचं प्रकरण मला सलत होतं. आता लपवून काय करू. धाकटीच्या वेळी सुमती कागदासारखी पांढरी पडली. पायावर सूज, जिन्याच्या चार पायऱ्या चढली की धाप. लोह देऊन देऊन मी थकलो. सूचीत पंडुरोगाखाली शिरलो तो बाहेरच येईना, जगातल्या सगळ्या पंडुरोगांची जत्रा तिथे भरलेली. बायको डोळ्यांसमोर विझत चाललेली आणि मी वहीत पानांचे आकडे उतरवतोय. तू आलास, तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्यास, जीभ बघितलीस, आणि परत गेलास. दुसऱ्या दिवशी एक कार्ड घेऊन आलास. मथळा, "पोटुशी, पांढरी पडली." खाली यीस्टचा अर्क, किती आणि कसा. लोहाने उतार पडत नसेल तर, असं अधोरेखित केलेलं. तीन आठवड्यांत सुमती तुळशीला पाणी घालायला स्वतः उठली.

मी तुला काय म्हणालो? म्हणालो, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ." तू हसलास आणि म्हणालास, "बसूंदे ना कावळा, फांदी तर मोडली." इनास, मी तुझे आभार मानले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. घरात दोन जीव चालतेबोलते आहेत ते तुझ्यामुळे, आणि मला राग कशाचा, तर ते तुझ्या डब्यातून निघाल्याचा. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते. तेव्हा वाटायला हवी होती.

आता त्या तीन आठवड्यांचं लिहितो.

कोळ्याच्या हातावरचं गळू फोडताना चाकूचं टोक तुझ्याच बोटात घुसलं. तिसऱ्या दिवशी दंडावर लाल रेघ, काखेत गाठ, ताप एकशे चार. मी जंतू मारायला सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. लढाईच्या दिवसांत त्या मिळवायला काय नाचावं लागलं ते सोड, पण मिळाल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. तू उठून बसलास, वहिनींकडे बोंबलाचं कालवण मागितलंस आणि मला म्हणालास, "आता बंद कर रे हे चुन्याचे खडे." मी म्हणालो, "गप. पुन्हा उसळलं तर? पुरता बंदोबस्त करणार." आणि गोळ्या चालूच ठेवल्या. दोन आठवडे उलटले तरी चालूच.

तिसऱ्या आठवड्यात ताप परत आला. मी धावत आलो. बोट बघितलं, बरं दिसत होतं. काख बघितली, गाठ बसलेली. तरी माझ्या डोक्यात एकच, विष रक्तात राहिलंय, आता उसळलंय. तू गळ्यावर हात ठेवून म्हणालास, "दामू, घसा लय दुखतोय. थुंकी गिळवत न्हाय."

मी म्हणालो, "तापात दुखतो घसा. मी उद्या मुंबईला जातो, बघून येतो डोस किती चढवायचा ते."

"जायच्या आधी डबा बघ. 'घसा' मधे काय तरी हाय. मला नीट आठवत न्हाय."

"इनास, ही खेळायची वेळ आहे का?"

"अरे, तू बोट शोधायला चाललायस. माझी तक्रार बोटाची न्हाय आता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतोयस!"

मी भडकलो. काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतंय मला. म्हणालो, "तापाने तुझं डोकं फिरलंय. बेवारस चिठ्ठ्यांवर मी तुझा जीव टांगणार नाही." डबा तिथेच होता, तुझ्या उशाशी स्टुलावर. हात लांब केला असता तर लागला असता. मी पिशवी उचलली आणि निघालो. वहिनी दारात होत्या. त्यांनी ऐकलं असणार सगळं.

ग्रंथालयात मी पाच तास बसलो. रक्तदोष या नावाखाली बघितलं, त्यात सल्फाचे उपचार बघितले. रोग परत का उसळतो, तर डोस अपुरा पडतो म्हणून. तीन ठिकाणी हेच लिहिलेलं. माझ्या मनात होतं तेच! मी खूश झालो, इनास. तू मरणाच्या वाटेला लागला होतास आणि मी ग्रंथालयात खूश झालो होतो. आणि अजून एक आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. त्या औषधाच्या नावाखाली उपचारांच्या नोंदी संपल्या की पुढे दुसरा एक मथळा होता, दुष्परिणाम. लांबलचक रकाना. माझा डोळा त्यावरून गेला. मला उपचार हवा होता. पान उलटलं.

म्हणजे सूचीचा काही दोष नव्हता. डब्याचाही नव्हता. दोन्हीकडे उत्तर होतं. सतरा वर्षं आपण हत्यारांवर भांडलो, आणि मी त्यांच्यापाशी गेलो ते उत्तर आधीच ठरवून. हे मला आता कळतंय. आता कळून काय उपयोग, चुलीत घालू?

संध्याकाळी तुझ्याकडे येऊन डोस जवळजवळ दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी तुझ्या घशात व्रण दिसले, पांढुरके, कडा काळ्या. तिसऱ्या दिवशी बोलणं बंद. चौथ्या दिवशी सकाळी फादर आले. मी तुझी नाडी धरून बसलो होतो आणि मला अजूनही वाटत होतं की बोटातलं विष आहे. माझ्या दवाखान्यात मलेरियासाठी सूक्ष्मदर्शक आहे. रोज चार-पाच काचा बघतो मी त्यात. तुझ्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला असता तर त्या गोळ्यांनीच पांढऱ्या पेशी संपवत आणल्यात हे कंपाउंडरलाही दिसलं असतं. घेतला नाही. शोधायचं ते मी मुंबईत शोधून आलो होतो ना!

डब्यातलं कार्ड समोर आहे. मथळा, "घसा दुखतो." खाली तुझं ते कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर. "सल्फा चालू असताना घसा धरला, ताप आला, तर आधी गोळी बंद. मग पांढऱ्या पेशी मोजा. बाकीचं सगळं नंतर." एवढंच.

गोळी त्या दिवशी थांबवली असती तर वाचला असतास का? मला माहीत नाही. असे पुष्कळ जण गोळी थांबवूनही जातात, आता वाचलंय मी. पण काहींना परत येता येतं. तुला ती संधी मी दिली नाही. वहिनींनी विचारलं होतं ते एवढंच.

टांगा आलाय. जातो.

*

जाऊन आलो.

वहिनी मागच्या अंगणात सुकट पसरत होत्या. मला बघून हात धुतले, ओटीवर बसायला दिलं. मी चहाला नको म्हणालो आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ग्रंथालयातलं उलटलेलं पानसुद्धा सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून अंगणातल्या सुकटीकडे बघत सांगितलं. संपलं तेव्हा म्हटलं, "वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. करता आलं असतं. मी केलं नाही."

मला वाटलं होतं ओरडतील. किंवा उठून आत जातील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "ता कार्ड मना ठाऊक हाय."

मी सुकटीवरून डोळे वर केले.

"तुमी मुंबईला गेलाव ना, त्या दुपारला त्यानं डबा मांगला. बोलला, रेजिन, दे हितं. मी दिला. त्यानं ता कार्ड काढला, वाचला. लय येळ हातात धरून बसला. मी बोलली, काय लिवलाय? बोलला, गोली बंद करा असा लिवलाय. मी बोलली, मग नको घेव ना गोली, दामूभाव येतवर तरी थांब."

"मग?"

"उलटा करून बघितला. बोलला, यावर पत्ता न्हाय. कुठं वाचला ता मनाच आठवत न्हाय. दामू बोलतो ता खरा हाय, असल्या कार्डावर कोनाचा जीव टांगू नये. तो सगल्या दुनियेतला बघून येल, त्याचा ऐकू." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "तुमी आलाव, गोल्या वाढवल्याव. त्यानं तुमाला काय सांगितला न्हाय. मना पन बोलला, त्याला बोलू नको, तो भडकंल. तुमी गेल्यावर मी गोली हातावर ठेवली. मना बघून हसला आनि घेतली."

टांग्यात बसून परत येताना मी तुला मोठ्याने शिव्या देत होतो, टांगेवाला वळूनवळून बघत होता. सतरा वर्षांत माझं एक अक्षर ऐकलं नाहीस, गाढवा. पत्ता लिही म्हटलं, लिहिला नाहीस. गळवं फोडताना हातमोजे घाल म्हटलं, घातले नाहीस. मग त्या दुपारी काय म्हणून माझं ऐकलंस?